मद्रासच्या कचेरीत ऐकलेली गाणी

वाचकहो, ‘कचेरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मामलेदाराचे टेबल, लाल फितीने बांधलेली दप्तरे, बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेले पक्षकार. कचेरीत जाणे म्हणजे सुखाची गोष्ट असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. म्हणूनच, नोकरीच्या निमित्ताने मी सहकुटुंब मद्रासेस येऊन राहिलो तेव्हा शेजारच्या मामींनी एका सायंकाळी मोठ्या आनंदाने, ‘आज कचेरीला येता का?’ असे मोडक्या हिंदीत विचारले, त्या वेळी मी थोडा गोंधळलोच. मोगऱ्याचा गजरा माळून, कांजीवरम नेसून ही बाई सरकारी कामास निघाली आहे काय? उलगडा झाला तो त्यांच्या सभागृहात पोहोचल्यावर. तमिळ भाषेत कचेरी म्हणजे गाण्याची मैफल, आणि सभा म्हणजे त्या मैफली भरविणारी संस्था! शब्द ओळखीचे, अर्थ मात्र निराळे. पुढे या शहराच्या संगीताविषयीही मला हाच अनुभव वारंवार येत गेला.

ही गोष्ट १९९४ सालची. शहराचे मद्रास हे नाव १९९६ मध्ये बदलून चेन्नई झाले. परंतु जुन्या रसिकांच्या तोंडी अजून मद्रासच येते, आणि माझ्याही लेखणीतून ते अधूनमधून उतरेल, त्याची आपण क्षमा करावी. या नगरीने मला जी गाणी दिली, त्यांतील काही जुनी, काही नवी, आज आपल्यापुढे ठेवावीत असा माझा विचार आहे. तथापि ही गाणी मी एकट्याने ऐकलेली नाहीत. त्यांच्याबरोबर माझ्या आईची हकीकत गुंतलेली आहे. तेव्हा तीही सांगणे प्राप्त आहे.

मिरजेहून आलेली आई

वडील गेल्यानंतर आईला मी मिरजेहून मद्रासेस आणले. तिचे सारे आयुष्य मिरजेत गेले होते. तंबोऱ्यांचा आणि सतारींचा तो गाव; भोपळे वाळत घातलेल्या कारागिरांच्या गल्लीवरून ती रोज देवळात जात असे. मद्रासेस आल्यावर तिचे बोलणेच थांबले. भाषा येत नाही, लिपी वाचता येत नाही, भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही. ज्या बाईच्या घरी दिवसातून दहा शेजारणी डोकावत, ती दुपारभर खिडकीशी बसून राही. ‘या मुलखात माझे काय आहे?’ असे ती एकदाच म्हणाली. परंतु ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. आपणांपैकी ज्यांनी वृद्ध आईवडिलांना परगावी आणले असेल, त्यांना या दुःखाची जात निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्गळी महिना लागला. आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हा महिना असतो. मद्रासेचा संगीतोत्सव तो हाच. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासेस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने एक अखिल भारतीय संगीत परिषद झाली. तिच्यातून पुढल्या वर्षी, १९२८ मध्ये, म्युझिक अकादमी ही संस्था जन्मास आली. अकादमीने डिसेंबरात वार्षिक परिषद भरविण्याचा प्रघात पाडला, इतर सभांनी तिचे अनुकरण केले, आणि आज या दिवसांत शहरातील मैफलींची गणती शेकड्यांनी करावी लागते. दुपारच्या मैफली बहुधा तरुण कलावंतांच्या असतात आणि पुष्कळशा विनामूल्य असतात. सायंकाळी नामवंतांची गाणी. आणि सभागृहाच्या मागील अंगास उपाहारगृह, जेथील केळीच्या पानावरील डोसा आणि फिल्टर कॉफी यांवर रसिकांत गाण्याइतकीच गंभीर चर्चा चालते!

आईला आग्रह करून मी अशाच एका दुपारच्या मैफलीस नेले. ती बसली, तंबोऱ्याकडे टक लावून पाहू लागली, आणि हळूच म्हणाली, ‘अरे, याला भोपळा कुठे आहे?’ मिरजेच्या बाईची नजर ती! दक्षिणेकडील तंबोऱ्याचे पोट भोपळ्याचे नसते, ते फणसाच्या लाकडाचे कोरलेले असते. मद्रासेत आल्यापासून तिने आपणहून विचारलेला बहुधा तो पहिला प्रश्न होता.

ओळखीचे स्वर, अनोळखी नावे

त्या दिवशीचे एक गाणे माझे पहिले आवडते गाणे ठरले. मुत्तुस्वामी दीक्षितरांची (१७७५–१८३५) हंसध्वनी रागातील ‘वातापि गणपतिम्’ ही कृती. वातापी म्हणजे विजापूरच्या दक्षिणेस असलेली आजची बदामी. ६४२ मध्ये पल्लवांनी चालुक्यांची ही राजधानी जिंकली, तेव्हा त्यांच्या सेनापतीने तेथील गणेशमूर्ती तमिळ देशी आणली, असे परंपरा सांगते. कृतीची भाषा संस्कृत, दैवत गणपती. आईने हात जोडले. हंसध्वनी हा राग दीक्षितरांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी निर्माण केला असे मानतात. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी तो हिंदुस्थानी मैफलीत आणला, आणि ‘परिवार’ (१९५६) या चित्रपटात सलील चौधरींनी लता मंगेशकर व मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतलेल्या द्वंद्वगीताने तो घरोघरी पोहोचविला.

पुढे माझी सात वर्षांची मुलगी मामींकडे गाणे शिकू लागली. पहाटे सरळ स्वरांचे पलटे चालत. एके दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘हा तर आपला भैरव!’ तिचे म्हणणे खरे होते. कर्नाटक संगीतातील पहिले पाठ मायामाळवगौळ रागात देण्याची पद्धत आहे, आणि त्या रागाचे स्वर आपल्या भैरव थाटाचेच आहेत. हे पाठ घालून दिले पुरंदरदासांनी (१४८४–१५६४), अशी परंपरा आहे. दक्षिणेत त्यांना कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात. कन्नड पदे रचणाऱ्या या संतकवीची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी होती. हे कळल्यावर आईने देवघरातील विठोबाकडे पाहिले. बोलली काही नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून नातीच्या पाठाच्या वेळी ती मामींच्या ओसरीवर जाऊन बसू लागली.

रसिक वाचकहो, आपणांसही हे संगीत परके वाटत असेल तर येथूनच प्रारंभ करावा. आपला यमन तो तेथला कल्याणी. भूप तो मोहनम्. मालकंस तो हिंदोळम्. दुर्गा तो शुद्ध सावेरी. बिलावल थाटाचे स्वर शंकराभरणम् मध्ये भेटतात, आणि ज्याला तेथे तोडी म्हणतात त्याचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे निघतात. गाण्याचा बाज मात्र वेगळा. स्वर तेथे क्वचितच स्थिर उभा राहतो, तो गमकाने आंदोलित होत असतो. आपल्या कानांस प्रथम खटकते ते हेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेच्या यात्रेस निघाले, मद्रास पाहून एट्टयपुरम् पर्यंत गेले, आणि सुब्बराम दीक्षितरांसारख्या विद्वानांशी त्यांनी चर्चा केली. तंजावरच्या वेंकटमखींनी सतराव्या शतकात मांडलेल्या बहात्तर मेळांच्या पद्धतीचा त्यांच्या दहा थाटांच्या मांडणीस उपयोग झाला. आपल्या संगीतशाळांतील मुले जे थाट पाठ करतात, त्यांच्या मुळाशी ही दक्षिणयात्रा आहे.

तालाची गोडीही सहज लागते. शेजारचा श्रोता मांडीवर हात आपटीत आणि बोटे मोजीत बसलेला दिसेल. तो आदिताल धरीत असतो. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटे, त्यानंतर टाळी आणि हात पालथा, पुन्हा टाळी आणि हात पालथा, अशा आठ मात्रा झाल्या. आपणही धरून पाहावा. प्रथम चुकतो, मग एकदा गायकाबरोबर समेवर येतो, आणि तेव्हा जो आनंद होतो तो मूकपणे ऐकणाऱ्यास मिळत नाही.

राजाचे बोलावणे

माझ्या यादीतील दुसरे गाणे त्यागराजांचे (१७६७–१८४७), कल्याणी रागातील ‘निधि चाल सुखमा’. धन सुखाचे की ईश्वराचे सान्निध्य सुखाचे, असा प्रश्न त्यागराज आपल्या मनास या तेलुगू कृतीत विचारतात. आख्यायिका अशी की, तंजावरच्या राजाने दरबारात गाण्यासाठी बोलावणे धाडले व नजराणा पाठविला. त्यागराजांनी तो नाकारला आणि ही कृती गाइली. तो राजा म्हणजे दुसरे सरफोजी भोसले, असे सांगतात. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर ते होते.

शिवरायांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास स्थापन केलेले हे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजींनी ग्रंथ जमविले, सरस्वतीमहाल ग्रंथालय वाढविले, वादक-गायकांना आश्रय दिला, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरविला. अशा गुणग्राही राजाचे बोलावणे नाकारावयास मोठेच बळ लागते. मामींनी ही कथा सांगितली, मी ती आईस मराठीत सांगितली. आई तात्काळ म्हणाली, ‘म्हणजे आपल्या तुकोबांसारखेच की!’ शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एका भोसल्याला देहूच्या वाण्याने नाही म्हटले, दुसऱ्याला तिरुवैयारूच्या गायकाने. मी आईचे बोलणे मामींना सांगितले. त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या संतांची पुष्कळ चौकशी केली, आणि दुभाष्याचे काम करता करता माझी कॉफी निवून गेली.

सिंगपेरुमाळ कोविलचे स्थानक

आता जे गाणे सांगतो ते ध्वनिमुद्रिकेवरचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे नाव मराठी घरांत सांगावयास नको. किराण्यास जन्मलेले हे गायक मिरजेस स्थायिक झाले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची कन्या. म्हैसूरच्या दरबारास ते वारंवार जात, दक्षिणेचे संगीत आदराने ऐकत, आणि त्यांनी ते नुसते ऐकले नाही. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील ‘राम नी समानमेवरू’ ही कृती त्यांनी ध्वनिमुद्रिकेवर गाइली. मुसलमान गवई, मिरजेचे राहणे, तेलुगू भाषा, रामाची स्तुती! ती ध्वनिमुद्रिका माझ्याकडील ध्वनिफितीवर आहे. उच्चार थोडे हिंदुस्थानी वळणाचे आहेत, पण स्वर असा की ऐकणाराने उच्चाराचा हिशेब मांडू नये.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत गाडीत प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथेच, २७ ऑक्टोबरच्या रात्री, प्रार्थना करून त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. आई लहानपणापासून ती ऐकत आलेली होती. खाँसाहेब परमुलखात गेले एवढे तिला ठाऊक होते; तो परमुलूख म्हणजे आपण राहतो तोच, हे मात्र ठाऊक नव्हते.

हे स्थानक मद्रासेच्या उपनगरी गाडीच्या मार्गावर, चेंगलपट्टूच्या अलीकडे आहे. एका रविवारी आई, मामी, माझी मुलगी आणि मी तेथे गेलो. पाहावयास काहीच नाही. फलाट, दोन बाके, चिंचेची सावली, येणारी-जाणारी माणसे. आईने पदराच्या गाठीतून थोडी फुले सोडली आणि बाकाच्या कडेस ठेवली. मग ती बराच वेळ रुळांकडे पाहत बसली. परतीच्या गाडीत म्हणाली, ‘आपल्या गावचे माणूस इथे एकटे नव्हते म्हणायचे. गाणे होते त्याच्याजवळ.’ त्यानंतर ‘या मुलखात माझे काय आहे’ असे तिने पुन्हा कधी विचारले नाही.

शेवटचा तुकडा

कर्नाटक मैफलीचा एक ठराविक क्रम असतो. विसाव्या शतकात अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी तो रूढ केला असे मानतात. आरंभी वर्णम्, मग लहानमोठ्या कृती, मध्यभागी विस्ताराने गाइलेला एक मुख्य राग, मृदंगाचे स्वतंत्र वादन, आणि अखेरीस हलकीफुलकी पदे. या शेवटच्या पदांना तेथे काय म्हणतात ठाऊक आहे? ‘तुक्कडा’! आणि या तुकड्यांत हटकून एखादा मराठी अभंग असतो.

हे घडले कसे? तंजावरच्या मराठी राज्याबरोबर आपले कीर्तनकारही कावेरीकाठी गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावच्या रामचंद्रबुवांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेस नवे वळण दिले. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही आपली वृत्ते तमिळ भागवतर गाऊ लागले. भजनमंडळ्यांतून ज्ञानदेव-नामदेव-तुकारामांची पदे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. गाणाऱ्यांतील पुष्कळांस मराठीचा एक शब्दही येत नाही. अलीकडच्या काळात मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी अभंगाला मोठ्या व्यासपीठावर मानाचे स्थान दिले. २०१८ मध्ये म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा बहुमान त्यांना मिळाला.

आईने मद्रासेत ऐकलेला पहिला अभंग मला आठवतो. एका तरुण गायिकेने शेवटी नामदेवांचा अभंग धरला. मृदंगावर ठेका पडताच सभागृहातील रेशमी उपरणी आणि हिऱ्यांच्या कुड्या एकाच वेळी टाळ्या देऊ लागल्या. आई प्रथम अवघडली; मग टाळ्या देऊ लागली; मग तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाहेर आल्यावर तिने परीक्षकाचा शेराही दिला : ‘च आणि ज आपल्यासारखे नाही जमले तिला; पण ळ बघ कसा लख्ख म्हणाली! आपल्या शहरातल्या मुलांना तरी येतो का असा?’ तमिळ भाषेत ळ चांगला ठसठशीत आहे. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणताना नाही तरी ‘सावळा’ म्हणताना तो उपयोगी पडतो!

त्या उन्हाळ्यात आई मामींच्या भजनमंडळात दर शनिवारी जाऊ लागली. तेथे तिला मान होता. अभंगांचे अर्थ सांगणारी, उच्चार दुरुस्त करणारी ती एकटीच होती. तमिळ लिपीत लिहून घेतलेले अभंग त्या बायका तिला म्हणून दाखवीत आणि ती चुका काढी.

नवी गाणी

जुन्याचा अभिमान धरून नव्याला नाक मुरडावे, असा रसिकांचा एक वर्ग सर्वत्र असतो. मीही त्यांतलाच होतो. माझ्या मुलीने मला सुधारले. ती शाळेतून येताच रेडिओ लावी. एके दिवशी आई दचकून म्हणाली, ‘ही तर लता!’ खरेच लताबाई तमिळमध्ये गात होत्या. ‘सत्या’ (१९८८) या चित्रपटातील ‘वळै ओसै’ हे इळैयराजांचे गाणे, साथीस एस. पी. बालसुब्रह्मण्यम्. वळै म्हणजे बांगडी, ओसै म्हणजे आवाज. ‘आपल्या वाळ्यासारखाच शब्द दिसतो,’ असे आईने ठरविले आणि ते गाणे घरात आजी-नातीचे झाले.

इळैयराजा हे पण्णैपुरम् या खेड्यातील गरीब घरचे. थोरल्या भावाच्या मंडळीबरोबर गावोगाव गात ते मोठे झाले. ‘अन्नक्किळी’ (१९७६) या पहिल्याच चित्रपटात त्यांनी शेतातली, माळावरची लोकगीते वाद्यवृंदाच्या बरोबरीने उभी केली. त्यांच्या सिंफनीचे वादन ८ मार्च २०२५ रोजी लंडन येथे झाले. ए. आर. रहमान यांचा ‘रोजा’ (१९९२) तर आपल्याकडेही गाजला. शास्त्रीय संगीताच्या सभांची दारे ज्या समाजांना सहजी उघडी नव्हती, त्यांची गाणी चित्रपटांतून घराघरात आली, ही गोष्ट रसिकाने विसरू नये.

सभांच्या आतही ही दारे एकेक करून उघडावी लागली आहेत. तिरुवैयारूस त्यागराजांची समाधी ज्या बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःच्या मिळकतीतून बांधविली, त्या देवदासी कुळातल्या. तेथील उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव चालविला. आज त्या उत्सवात स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसून गातात. २०१५ मध्ये बेझंटनगरच्या किनाऱ्यावरील ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम् या कोळीवाड्यात टी. एम. कृष्णा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगीतोत्सव सुरू केला. तेथे शास्त्रीय गायनाबरोबर परै या चर्मवाद्याचा गजर झाला. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईस संगीताची सर्जनशील नगरी म्हणून मान्यता दिली. ती मान्यता मैलापूरच्या सभांची तशीच या कोळीवाड्याचीही आहे, असे मी मानतो.

आई आता नाही. मामीही थकल्या आहेत. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. परंतु मार्गळी आला की ती चार दिवस सुटी काढून येते, आणि आम्ही दोघे दुपारच्या विनामूल्य कचेरीस जाऊन बसतो. गाणारी मुले वीस-बावीस वर्षांची असतात. श्रोते कधीकधी पंधरासुद्धा नसतात. तरी ती मन लावून गातात. वाचकहो, आपण कधी डिसेंबरात या बाजूस आलात तर मोठ्या नावांची तिकिटे मिळाली नाहीत म्हणून हळहळू नका. अशा एखाद्या दुपारी आत येऊन बसा, हाताने आदिताल धरा, आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत उठू नका. अभंग आला तर मोकळेपणाने टाळी द्या. आणि शेजारी बसलेल्या एखाद्या मामींनी त्याचा अर्थ विचारला, तर तेवढा सांगून या.